चुगलखोर सेन्सर आणि जड ब्रेक

तुम्ही म्हणाल, बायकांच्या पुरवणीत हे काय इंजिनाचं पुराण! मी स्वतः मराठी घेऊन बी.ए. झालेली. बॉनेट उघडलं की पाणी कुठे ओतायचं, एवढंच मला ठाऊक. पण आमच्या महिला मंडळाची व्हॅन दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसच्या चार पेशंटना खेड्यांतून साताऱ्याला नेते-आणते. ती अडली तर काय होतं, ते गेल्या मे महिन्यात बघितलं. भर दुपारी रेल्वे फाटकाजवळ गाडी तीनदा बंद पडली. आत एक मावशी, पाय सुजलेले, श्वास लागलेला. चौथ्यांदा सुरू झाली म्हणून बरं!

तक्रारी तशा महिनाभर चालूच होत्या. गाडी उभी असली की इंजिन थरथरायचं. अॅक्सिलरेटर दिला की आधी गचका, मग पळायची. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. एका मोठ्या गॅरेजमध्ये नेली. त्यांनी मशीन लावलं, 'पी ०१७१' असा कोड आला. "मॅडम, मिश्रण लीन झालंय. ऑक्सिजन सेन्सर आणि पेट्रोल पंप, दोन्ही बदलावं लागेल." खर्च १८ हजार. तूर्त त्यांनी दिवा घालवून दिला. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर.

१८ हजार म्हणजे आमच्या दिवाळीच्या फराळाचा सगळा नफा. आमचे हे म्हणाले, "सांगतायत ते कर, तुला काय कळतंय त्यातलं?" झालं! दुसऱ्याच दिवशी मी गाडी घेऊन मागच्या गल्लीतल्या जुन्या मिस्त्रीकाकांकडे. म्हटलं, "काका, लीन म्हणजे काय ते आधी मला समजावून सांगा, मग गाडीला हात लावा."

काका हसले. "वहिनी, गॅसच्या शेगडीला हवा जास्त झाली की ज्योत बर्नरवरून उचलते, फडफडते आणि विझते. इंजिनाचं तेच." एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा वाढली किंवा पेट्रोल कमी पडलं की मिश्रण लीन. मग इंजिन अडखळतं, तापतं, तसंच चालवलं तर आतले व्हॉल्व्हही जळू शकतात. त्यांनी एक प्लग काढून दाखवला. एरवी फिकट तपकिरी असतो म्हणे, हा पांढरट पडलेला. आणि तो ऑक्सिजन सेन्सर? धुरात ऑक्सिजन उरतोय, एवढी चुगली तो करतो. खरं बोलणाऱ्या चुगलखोराला बदलून काय मिळणार?

मी माझं ज्ञान पाजळलं, "हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्यामुळे तर नाही?" काका म्हणाले, त्यानं थोडा फरक पडतो, पण गाडी एवढी मरत नाही.

काकांच्या मुलानं स्कॅनर लावला. कॉम्प्युटर इंजिनाला नेहमीपेक्षा किती टक्के जादा पेट्रोल देतोय, ते त्यात दिसतं. गाडी जागेवर चालू असताना आकडा २४. रेस वाढवून अडीच हजार फेऱ्यांवर नेली, तर उतरून ६. काका लगेच म्हणाले, "पंप चांगला आहे." मला कळेना. पंप कमजोर असता तर जास्त पेट्रोल लागल्यावर आकडा चढला असता. इथे उलटं. म्हणजे कुठूनतरी चोरून हवा शिरतेय. आमच्या गाडीत एअर फिल्टरच्या पुढे हवा मोजणारा सेन्सर आहे (सगळ्याच गाड्यांत नसतो), त्याच्या पलीकडून आलेली हवा मोजलीच जात नाही. इंजिन मंद चालतं तेव्हा ती चोरटी हवा जास्त जाणवते, वेगात एकूण हवेपुढे किरकोळ ठरते. आमच्याकडे लग्नात चार आगंतुक जेवून गेले तर कळत नाही, घरच्या पंगतीत लगेच कळतं, तसंच की!

मग काकांनी विचारलं, "ब्रेक कसा लागतोय?"

आमचा ड्रायव्हर इतका वेळ गप्प होता. म्हणाला, "जड लागतोय. ताईंना सांगितलं होतं मी."

सांगितलं होतं, खरंच. मी म्हटलं होतं, दिवाळीतच तर ब्रेकपॅड बदललेत.

ब्रेक हलका लागावा म्हणून इंजिनाच्या ओढीवर चालणारा एक बूस्टर असतो. त्याला जाणाऱ्या रबरी नळीवर काकांनी फडकं गुंडाळलं आणि पकडीनं ती दाबली. थरथर थांबली! नळी काढली तर खालून चीर. वरून काही दिसत नव्हतं. नळी आणि मजुरी मिळून साडेसहाशे रुपये. घाटात पेशंट घेऊन उतरताना तो ब्रेक कमी पडला असता तर, हा विचार मी अजून पूर्ण करू शकत नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. त्या महिन्यात पेट्रोलचा खर्च वाढला, म्हणून मी ड्रायव्हरला प्रत्येक पावतीवर सही करून आणायला सांगितलं होतं. का, ते त्यानं विचारलं नाही. त्या दिवशी काकांसमोर कळलं, गाडी बंद पडू नये म्हणून तो फाटकावर, सिग्नलला, दवाखान्याच्या दारात पाय अॅक्सिलरेटरवर ठेवून बसायचा.

संध्याकाळी त्याला म्हटलं, "आता पावत्यांवर सही नको करत जाऊ."

"असू दे ताई, सवय झालीय," म्हणाला, आणि त्या दिवशीची सही केलेली पावती त्यानं माझ्या वहीत ठेवली.