पत्ता बदलला तर पाटी लावा
संकेतस्थळाचे ‘रीडायरेक्ट’ म्हणजे काय व ते केव्हा वापरावे?

– ऊस विकास अधिकारी



२०२५ चा गळीत हंगाम सुरू होण्याच्या सुमारास एक वयस्क सभासद मोबाईल घेऊन गट ऑफिसात आले. म्हणाले, “साहेब, नेहमीचाच बँकेचा पत्ता टाकला, अन् वर दुसरंच नाव उमटलं. बिलाचे पैसे जागेवर हायेत का गेले?”

पैसे जागेवरच होते. बँकेने आपला पत्ता बदलला होता आणि जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला नव्या पत्त्यावर नेऊन सोडण्याची सोय केली होती. या सोयीला ‘रीडायरेक्ट’ म्हणतात. मी शेतीखात्यातला माणूस, संगणकाचा नव्हे. पण हा प्रश्न पुष्कळांनी विचारला, म्हणून कारखान्याच्या संगणक विभागाकडून नीट समजून घेतले. तेच येथे देत आहे.

हे घडते कसे?

आपण मोबाईलवर पत्ता टाकतो तेव्हा मोबाईल त्या संकेतस्थळाच्या संगणकाकडे पान मागतो. तो संगणक आधी एक आकडा सांगतो. २०० म्हणजे ‘हे घ्या पान’. ४०४ म्हणजे ‘असे पान इथे नाही’. आणि ३०१, ३०२ असा तीनशेच्या घरातला रीडायरेक्टचा आकडा आला, तर ‘इथे नाही, तिकडे जा’. सोबत नवा पत्ताही मिळतो. मोबाईल आपल्याला न विचारता लगेच तिकडे वळतो.

ट्रॉली गेटवर आल्यावर वॉचमन सांगतो, “हा काटा बंद, पलीकडच्या काट्यावर घ्या.” तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की हे डोळ्याची पापणी लवते न लवते तोच होते. आपल्याला फक्त वरचे नाव बदललेले दिसते.

कायमचे की तात्पुरते?

रीडायरेक्टचे मुख्य प्रकार दोन.

१) कायमचे (३०१) : गट ऑफिस भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या इमारतीत गेले, आता परत येणे नाही. अशा वेळी हे वापरावे. मोबाईल हा निरोप लक्षात ठेवू शकतो आणि पुढच्या वेळी थेट नव्या जागी जातो. गूगलसारख्या शोधयंत्रांनाही कळते की जुन्याऐवजी नवा पत्ता दाखवायचा.

२) तात्पुरते (३०२) : पुलाचे काम चालू आहे, म्हणून गाड्या चार दिवस वळण रस्त्याने. काम संपले की पुन्हा जुनाच रस्ता. संकेतस्थळाची दुरुस्ती असेल तेव्हा हे वापरावे.

यात गल्लत केली की नुकसान होते. चार दिवसांच्या कामासाठी ३०१ लावले, तर पाटी काढल्यावरही काही लोकांचे मोबाईल जुन्या आठवणीवर भलतीकडेच जात राहतात.

याच जोडीचे ३०८ (कायमचे) आणि ३०७ (तात्पुरते) असे आणखी दोन आकडे आहेत. ३०१ किंवा ३०२ च्या वळणावर भरलेला अर्ज वाटेत गळून पडू शकतो, नुसते पान मागितल्यासारखे होते. ३०८ व ३०७ मध्ये अर्ज जसाच्या तसा पुढे जातो. जिथे लोक माहिती भरून पाठवतात तिथे हे ध्यानात ठेवावे.

बँकांचे पत्ते का बदलले?

खऱ्या बँकेसारखी दिसणारी खोटी संकेतस्थळे काढून लोकांना फसवण्याचे प्रकार वाढले. म्हणून रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये परिपत्रक काढून सर्व बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यावर जाण्यास सांगितले. मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती. नागरी सहकारी, राज्य सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही त्यात आल्या. हा शेवट फक्त बँकांसाठी राखीव असून नोंदणीचे काम हैदराबादच्या ‘आयडीआरबीटी’ या संस्थेकडे आहे.

स्टेट बँकेचेच पहा. ‘एसबीआय डॉट को डॉट इन’ होते, ते ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन’ झाले. लाखो लोकांच्या तोंडी, वहीत, पासबुकावर जुनाच पत्ता. तो एका रात्रीत बंद केला असता तर लोक वाऱ्यावर पडले असते. म्हणून जुन्या जागी वळणाची पाटी लागते.

संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी काय करावे?

आपल्या कित्येक सभासदांची मुले रोपवाटिका, गूळ, बेदाणा यांची संकेतस्थळे चालवतात. त्यांच्यासाठी :

१) जुने प्रत्येक पान त्याच विषयाच्या नव्या पानावर वळवावे. सगळेच पहिल्या पानावर सोडू नये. रोपांचे दर विचारायला आलेल्याला दाराशी उभे करून ठेवण्यासारखे ते होते.

२) वळणावर वळण नको. पहिल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असे करण्यापेक्षा थेट शेवटच्या जागी न्यावे. आणि दोन पत्ते एकमेकांकडेच बोट दाखवू लागले, तर मोबाईल काही फेऱ्या मारून नाद सोडतो.

३) पाटी लवकर काढू नये. गूगलचा सल्ला निदान एक वर्ष ठेवण्याचा आहे. जुन्या नावाचे वार्षिक शुल्कही भरत राहावे. ते सोडले तर कोणीही विकत घेईल, आणि तुमच्या नावावर आलेले गिऱ्हाईक त्याच्या दारात जाईल.

४) ज्या पानाला बदली पान नाही, ते सरळ ‘नाही’ म्हणून सांगावे.

तिसऱ्या मुद्द्याचा मला स्वतःला फटका बसला आहे. माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यावा, याचे एका संस्थेचे पान मी गावोगावच्या बैठकीत लिहून देत असे. संस्थेने संकेतस्थळ नवे केले, जुन्या पानावर काहीच पाटी ठेवली नाही. ऐन लागणीच्या तोंडावर लोकांचे फोन सुरू झाले, “साहेब, तुम्ही दिलेलं पान उघडत नाही.” चूक माझी नव्हती, पण शब्द माझा खाली पडला.

सभासदांनी काय जपावे?

ही सोय लबाडही वापरतात. एसएमएसमध्ये येणारी आखूड लिंक हेसुद्धा रीडायरेक्टच असते. ती कोठे नेणार हे तिच्याकडे पाहून कळत नाही. म्हणून कोठून निघालो यापेक्षा कोठे पोचलो हे पहावे. पिन किंवा ओटीपी टाकण्यापूर्वी वरचे नाव वाचावे आणि ते शेवटाकडून वाचावे. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या आधी नाव ‘डॉट बँक डॉट इन’ असे संपले पाहिजे. त्यापुढे आणखी ‘डॉट कॉम’ वगैरे शेपूट असेल, तर ते संकेतस्थळ बँकेचे नव्हे. मागे फिरावे. शंका आली तर पासबुक घेऊन शाखेत जावे. एका हेलपाट्याने वर्षभराचे ऊसबिल वाचत असेल तर तो हेलपाटा महाग नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांना मुलांनी हे एकदा शेजारी बसून दाखवावे, ही विनंती.

कळावे.