‘वय झालं’ म्हणण्याआधी

डाऊन सिंड्रोम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लहान मूलच येतं. पण ही मुलं आता चाळिशी-पन्नाशी गाठतात. अमेरिकेत १९८३ साली त्यांचं सरासरी आयुर्मान २५ वर्षं होतं, आता ते ६० च्या आसपास आहे. तोवर आईवडील थकतात आणि जबाबदारी बहिणीवर, वहिनीवर येते.

माझा भाऊ ४४ वर्षांचा. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन पोरांच्या पुढे चालणारा. वर्षभरात तो गप्प झाला. दिवसभर झोपायचा, पाय ओढत चालायचा, घरच्यांची नावं विसरायचा. “वय झालं ना जी आता त्याचं,” शेजारणी म्हणायच्या. एका दवाखान्यातही तेच ऐकवलं. आईला काही ते पटेना. नागपूरला नेलं, रक्त तपासलं. थायरॉईडचं काम मंदावलेलं, बी-१२ सुद्धा कमी! औषधं सुरू झाली आणि काही महिन्यांत घरात पुन्हा त्याचा आवाज घुमू लागला.

या मंडळींना अल्झायमर लवकर गाठतो, हे खरंच. त्यांच्यात २१ वं गुणसूत्र जादा असतं आणि मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाचं जनुक त्यावरच असतं. पण प्रत्येक विसराळूपणा अल्झायमर नसतो. थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, मोतीबिंदू, कमी ऐकू येणं यांनीही माणूस तसाच मंदावतो. आणि या सगळ्यांवर उपचार आहेत.

चाल बिघडली, हातातली ताकद गेली, कपड्यात लघवी होऊ लागली, तर मात्र थांबू नका. मानेतले वरचे मणके सैल होऊन मज्जारज्जूवर दाब येत असेल किंवा मेंदूत पाणी साचत असेल. वेळेत कळलं तर शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. अंगाला अचानक झटके बसत असतील तर ती फिट असू शकते. त्यावरही औषधं आहेत.

म्हणून मैत्रिणींनो, वर्षातून एकदा थायरॉईड तपासा. काय बदललं, कधीपासून, ते वहीत लिहा. चालण्याचा, झटक्यांचा मोबाईलवर व्हिडिओ घ्या. खर्चासाठी राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विमा योजनेची चौकशी करा. आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा, “बरं होण्यासारखं काही राहून तर गेलं नाही ना?”