म्हशी गेल्या, गवत माजलं

राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ साली गुरचराईवर बंदी आली. गावकरी पेटून उठले. पोलिसांच्या गोळीबारात काहींचे प्राणही गेले. जेमतेम २९ चौरस किलोमीटरच्या या पाणथळीत तोवर म्हशी पिढ्यानपिढ्या चरत होत्या.

मग काय झालं? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात दिसलं, की म्हशी थांबल्या आणि पास्पालम हे गवत मोकाट सुटलं. त्याची आडवी खोडं पेरापेरांतून मुळं सोडत उथळ पाण्यावर पसरतात, त्यांचं दाट जाळं विणलं जातं. उघडं पाणी घटलं आणि पाणपक्ष्यांचीच अडचण झाली. सरसकट बंदी म्हणजेच संरक्षण, हा समज इथे साफ चुकीचा ठरला.

म्हणून चराई सगळीकडे मोकळी सोडावी, असं मात्र नाही. दख्खनच्या कोरड्या माळांवर अतिचराईत पवन्या, मारवेल ही जनावरांची आवडती बहुवर्षायू गवतं आधी मागे हटतात आणि कुसळी फोफावते. कोवळी असताना तीही खाल्ली जाते. पण बी धरल्यावर तिची टोकदार, पीळदार कुसळं मेंढ्यांच्या लोकरीत, कातडीत आणि तोंडात रुततात.