प्रवरेच्या थडीची माती

नेवासे-श्रीरामपूरकडे प्रवरेची दरड जिथे उभी तुटली आहे, तिथे जमिनीचं वय थरांनी दिसतं. तळाशी चुन्यानं घट्ट धरलेले वाळूगोटे, त्यावर चुनखडीचे खडे मिसळलेला पिवळसर गाळ आणि माथ्यावर काळी. रतनगडाहून निघालेल्या नदीनं हा सगळा माल हजारो पुरांत आणून टाकला.

तळच्या गोट्यांत पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकळियांना अश्मयुगीन हत्यारं मिळाली. माथ्याच्या काळीवर दायमाबाद हे गाव वसलं. तिथली माणसं गहू, जव, मसूर पिकवत. इसवी सनापूर्वी 1000च्या सुमारास गाव उठलं. 1974 मध्ये झाडाचं मूळ खणताना तिथेच चार कांस्यशिल्पं निघाली: रथ, हत्ती, रेडा आणि गेंडा. आजच्या श्रीरामपूर तालुक्यात गेंडा! घडवणाऱ्यानं तो कुठे पाहिला असेल, हा प्रश्न मला रथापेक्षा जास्त छळतो.

नदीनं स्वतःच्याच गाळात पात्र खोल कापलं होतं, त्यामुळे वरच्या रानांवर नवी मळई पडणं तसंही कमी झालेलं. 1926 मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झालं आणि बराचसा पूर वरच अडू लागला. पाणी आता कालव्यानं आलं, बारमाही. ऊस वाढला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला. थडीचं दारिद्र्य या पाण्यानं धुतलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण भारी काळीतून पाण्याचा निचरा होत नाही. पाट सोडतच राहिलं की क्षार वर चढतात, जमिनीला मीठ फुटतं, रान चोपण होतं. उगवण विरळ, उसाची पानं पिवळी. मग चर खणा, जिप्सम टाका.

पात्रातली वाळू ट्रकनं गेली, ती वेगळीच.

1976 मध्ये खाली पैठणला नाथसागर हा धरणाचा जलाशय झाला. वरच्या धरणांतून निसटलेला गाळ तिथे बसतो. उन्हाळ्याकडे पाणी ओसरलं की नेवासे-शेवगावकडचे लोक उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करतात. 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावांतला गाळ रानात येतो आहे. पूर्वी नदी फुकट आणून टाकायची. आता डिझेल जाळावं लागतं. मुरमाड माळाला हा गाळ मानवतो. आधीच चोपण झालेल्या काळीवर मात्र तो ओतू नये, निचरा आणखी तुंबतो.