हुजूरपागा : एका वास्तुनामाचा अर्थपालट

वास्तूचा उपयोग पालटला म्हणजे तिचे नावही पालटतेच, असे नाही. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर अलिबागेस कान्होजी आंग्रे यांनी १७२० साली बांधलेला हिराकोट इंग्रजी अमलात खजिना व तुरुंग झाला. नाव मात्र राहिले, आणि त्याचा अर्थही. पुण्याच्या हुजूरपागेत नाव राहिले, पण अर्थ पालटला.

'पागा' हा शब्द फारसी 'पायगाह'वरून आला. 'पाय' व 'गाह' मिळून 'पाय ठेवण्याची जागा'. त्यावरून पदवी आणि अश्वशाळा हे दोन्ही अर्थ निघाले. हैदराबादेतील 'पायगा' सरदारांचे नाव याच शब्दाचे. मराठी लष्करी परिभाषेत स्वतःच्या घोड्यानिशी येणारा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, आणि त्याचे घोडे पागेचे. 'हुजूर' या अरबी शब्दाचा अर्थ सान्निध्य. अर्थात हुजूरपागा म्हणजे खुद्द पेशव्यांची पागा.

१८८४ साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक व शंकर पांडुरंग पंडित यांच्या पुढाकाराने मुलींचे हायस्कूल निघाले, आणि पेशव्यांच्या पागेची जागा हेच पुढे त्याचे घर झाले. पागेस प्रशस्त, मोकळे आणि बंदिस्त आवार लागते. ज्या काळी मुलीने घराबाहेर पडून शिकणे हेच पुष्कळांना रुचत नव्हते, त्या काळी शाळेसही असेच आवार हवे होते. विरोध केवळ अशिक्षितांचा नव्हता. १८८७ साली टिळकांच्या 'मराठा' पत्राने या शाळेच्या अभ्यासक्रमावर कडक टीका केली. मुलींना इंग्रजी व गणित मुलांप्रमाणेच शिकवावे काय, हा वादाचा खरा मुद्दा होता.

पुढे शाळेस चिंतामणराव पटवर्धन यांचे नाव मिळाले. तथापि ते कागदोपत्रीच अधिक राहिले. पुणेकरांच्या तोंडी 'हुजूरपागा'च टिकले. आज हा शब्द ऐकून कोणाच्याही मनात घोडा उभा राहत नाही, मुलींची शाळा उभी राहते. कोशात त्याचा जुना अर्थ आधी नोंदवावा लागेल; परंतु रूढ अर्थ म्हणून दुसराच द्यावा लागेल. तो अर्थ कोणा कोशकाराने ठरविलेला नसून, त्या दारातून दप्तर घेऊन आत गेलेल्या मुलींच्या पिढ्यांनी रूढ केलेला आहे.