गोधडीचं डिझाइन कॉम्प्युटरवर करायचंय? सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी हे तपासा

विश्रांतवाडीत राहणारी माझी मावशी ऑर्डरप्रमाणे गोधड्या शिवून देते. मागच्या पावसाळ्यात एक बाई तिच्याकडे पाच साड्या घेऊन आल्या. साड्या त्यांच्या आईच्या होत्या आणि आई आता हयात नाही. "यातून एक गोधडी करा, पण कापायच्या आधी कशी दिसेल ते दाखवा," एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मावशीने क्विल्ट डिझाइनचं एक सॉफ्टवेअर ऑनलाइन विकत घेतलं. पैसे भरले, फाइल डाउनलोड झाली, पण लॅपटॉपवर ते इन्स्टॉलच होईना. ते सुरू झाल्यावर दुसरी अडचण आली. मावशीचा प्रश्न एक होता आणि सॉफ्टवेअर उत्तर भलत्याच प्रश्नाचं देत होतं.

साडी एकदा चुकीची कापली की ती परत मिळत नाही. म्हणून या दोन्ही अडचणी नीट समजून घेऊया.

आधी तुमचा कॉम्प्युटर ओळखा

विंडोज असेल तर 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टिम' आणि त्यात 'अबाउट' उघडा. तिथे चार गोष्टी दिसतील: विंडोजची आवृत्ती, प्रोसेसर, रॅम आणि सिस्टिम ३२ बिट आहे की ६४ बिट. ६४ बिटसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर ३२ बिट विंडोजवर चालत नाही. या चार गोष्टी कागदावर लिहा आणि सॉफ्टवेअरच्या साइटवर 'सिस्टिम रिक्वायरमेंट्स' या नावाखाली दिलेल्या यादीशी ताडून पाहा.

विंडोजच्या नावापुढे 'एस मोड' लिहिलं असेल, तर त्या लॅपटॉपवर फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच ॲप्स चालतात. मावशीचं घोडं इथेच अडलं होतं. एस मोड बंद करायला पैसे लागत नाहीत, पण एकदा बंद केला की पुन्हा सुरू करता येत नाही.

अजूनही विंडोज १० वापरत असाल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे लक्षात ठेवा. आज चालणाऱ्या सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती विंडोज ११ मागू शकते.

मॅक असेल तर वरच्या ॲपल चिन्हावर क्लिक करून 'अबाउट धिस मॅक' पाहा. २०१९ मध्ये आलेल्या मॅकओएस कॅटलिनापासून ३२ बिट सॉफ्टवेअर चालणं बंद झालं. त्यामुळे कुणी जुनी सीडी स्वस्तात देत असेल, तर आधी चौकशी करा.

क्रोमबुक, आयपॅड आणि मोबाइलवर विंडोजचं सॉफ्टवेअर थेट इन्स्टॉल होत नाही. तिथे ब्राउझरमध्ये चालणारं साधन किंवा वेगळं ॲप शोधावं लागतं.

कोणतं सॉफ्टवेअर कशावर चालतं?

इलेक्ट्रिक क्विल्ट: अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर १९९० च्या दशकापासून वापरात आहे. २०१७ मध्ये आलेली 'ईक्यू ८' ही आवृत्ती विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालते. स्वतःच्या कापडाचे फोटो त्यात घालता येतात. मात्र त्याची मूळ किंमत दोनशे डॉलरच्या वर आहे.

प्रीक्विल्ट: हे ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे क्रोमबुकवरही वापरता येतं. काही सोयी मोफत आहेत, बाकीच्यांसाठी पैसे भरावे लागतात.

क्विल्टोग्राफी: हे आयपॅडसाठीचं ॲप आहे.

इंकस्केप: हे मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. हे मुळात चित्र काढायचं साधन आहे. एक नक्षी काढून तिच्या हव्या तितक्या प्रती रांगेत मांडता येतात. पण कापडाचा हिशेब ते करत नाही.

लिब्रेऑफिस कॅल्क किंवा गुगल शीट्स: दोन्ही मोफत. चौकोनांच्या गोधडीसाठी यातलं कुठलंही एक पुरतं. ते कसं, ते पुढे पाहूया.

मग मावशीचं कुठे अडलं?

क्विल्टची बहुतेक सॉफ्टवेअर दुकानातून नवं कापड आणणाऱ्यांसाठी बनलेली आहेत. तुम्ही नक्षी ठरवता आणि ते सांगतं, कापड किती विकत आणायचं.

उदाहरण घेऊ. ६० इंच बाय ९० इंचाची गोधडी आणि ६ इंचांचे चौकोन. म्हणजे आडवे १०, उभे १५, एकूण १५० चौकोन. प्रत्येक बाजूला पाव इंच शिलाईत जातं, म्हणून तुकडा साडेसहा इंचांचा कापावा लागतो. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात एका ओळीत असे ६ तुकडे बसतात. २५ ओळींना १६२.५ इंच, म्हणजे सव्वाचार मीटरच्या आत कापड लागेल.

हिशेब बरोबर आहे. पण मावशीला कापड विकत आणायचंच नव्हतं. हातात असलेल्या पाच साड्यांमधून किती तुकडे निघतील, हा तिचा प्रश्न होता. गोधडीची रीतच तशी आहे. आधी जुनं कापड असतं आणि त्यातून नक्षी ठरते. साडी साडेपाच मीटर लांब असली तरी सगळी वापरता येत नाही. कुठे विरलेली असते, कुठे डाग असतो.

साडीतून किती तुकडे निघतील?

साडी उजेडात धरून चांगला भाग खडूने आखून घ्या आणि त्याची लांबी-रुंदी मोजा. समजा ४० इंच बाय ३३ इंचांचा भाग मिळाला. ४० ला साडेसहाने भागा, पूर्ण ६ येतात. ३३ ला भागा, पूर्ण ५ येतात. सहा पंचे तीस, म्हणजे ३० तुकडे. क्षेत्रफळाला क्षेत्रफळाने भागलं तर उत्तर ३१ येतं, पण तो एकतिसावा तुकडा प्रत्यक्षात निघत नाही.

शिलाईतलं पाव इंच विसरून तुकडे ६ इंचांचेच कापले, तर शिवल्यावर प्रत्येक चौकोन साडेपाच इंचांचा होतो. मग ६० बाय ९० ची गोधडी साधारण ५५ बाय साडेब्याऐंशीची होते.

अर्थात, पारंपरिक पद्धतीने तुकड्याची कड दुमडून तो अस्तरावर ठेवून धावदोऱ्याने शिवणार असाल, तर किती कापड दुमडता तेवढं धरा. हा आकडा सॉफ्टवेअरमध्ये आधीच पाव इंच भरलेला असतो, तो बदलून घ्या.

कॅल्कमध्ये डिझाइन कसं करायचं?

१. १० रकाने आणि १५ ओळी निवडा. रकान्याची रुंदी आणि ओळीची उंची सारखीच ठेवा, म्हणजे चौकोन दिसतील.

२. प्रत्येक साडीला एक अक्षर द्या: क, ख, ग, घ, च. ज्या चौकोनात जी साडी, ते अक्षर तिथे लिहा.

३. 'कंडिशनल फॉरमॅटिंग' वापरून प्रत्येक अक्षराला साडीचा रंग द्या. अक्षर बदललं की रंगही आपोआप बदलतो.

४. बाजूला 'काउंटइफ' हे सूत्र लावा (नाव इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं). कोणत्या साडीचे किती तुकडे वापरले, ते लगेच दिसतं. साडीतून निघणाऱ्या तुकड्यांपेक्षा हा आकडा मोठा झाला, तर नक्षी बदला.

त्रिकोण किंवा गोल नक्षी हवी असेल तर मात्र इंकस्केप घ्या. कापायचा नमुना प्रिंट करताना 'फिट टू पेज' बंद ठेवून १०० टक्के मापावर प्रिंट काढा. कोपऱ्यात एक इंचाचा चौकोन काढून ठेवा आणि प्रिंट आल्यावर तो पट्टीने मोजा.

विकत घ्यायचंच असेल तर?

आधी ट्रायल मिळते का पाहा आणि ती तुमच्याच कॉम्प्युटरवर चालवा, दुकानातल्या किंवा भाच्याच्या नाही. पैसे परत मिळण्याची अट वाचा. एका परवान्यावर किती कॉम्प्युटर चालतात, तेही विचारा. मावशीने यातलं काहीच पाहिलं नव्हतं आणि तिचे पैसे परत मिळाले नाहीत.

शेवटी तिने डिझाइन कॅल्कमध्येच केलं आणि फोटो त्या बाईंना पाठवला. त्यांचा निरोप आला, "ती हिरवी साडी कडेला नको, मधोमध घ्या. आई तीच जास्त नेसायची." मावशीने अक्षरं बदलली, तुकड्यांचा आकडा पुन्हा मोजला आणि मग कात्री हातात घेतली.