पत्र्याच्या घरातले इन्शुलिन

गेल्या मे महिन्यात अंबड तालुक्यातील एक मधुमेही शेतकरी दवाखान्यात आले. इंजेक्शन नियमित, पथ्यही बऱ्यापैकी, तरी साखर ३०० च्या खाली येईना. मी डोस वाढवला. चुकलेच माझे, बाटली कुठे ठेवता, हे आधी विचारायला हवे होते. पुढच्या खेपेस कळले, पत्र्याच्या घरात, खिडकीजवळच्या फळीवर!

औषध मुदतीतले होते. मग बिघडले काय? बिघडली ती त्याची घडी.

इन्शुलिन हे प्रथिन. अमिनो आम्लांचे ५१ मणी, दोन माळांत ओवलेले. काही मणी तेलासारखे पाण्याला टाळणारे. ते आत दडतात, पाण्याशी जमणारे बाहेर राहतात आणि माळांची ठराविक घडी बसते. ती कोणी घालत नाही, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. उलगडलेले प्रथिन आपोआप पुन्हा घडीत येते, हे दाखवणारे अमेरिकेचे ख्रिश्चन अन्फिन्सेन १९७२ च्या नोबेलचे मानकरी ठरले. पुण्याच्या आयसर संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. जयंत उदगावकर यांनी बेंगळुरूत असताना अनेक वर्षे याच घडीचा अभ्यास केला.

मग गार केल्यावर इन्शुलिन का सुधारत नाही? घडी धरणारी ओढ नाजूक असते. उष्णतेने रेणूंची थरथर वाढते, घडी सैल होते, आतले तेलकट भाग उघडे पडून शेजारच्या रेणूंना चिकटतात. एकदा गुंता झाला की सुटत नाही. उकडलेले अंडे गार पाण्यात टाकले म्हणून पातळ होते का? बाटली जोरात हलवल्यानेही असा गुंता होतो. गोठलेले इन्शुलिनही वाया जाते, म्हणून ती बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये.

न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी. चालू बाटली बहुधा २५ ते ३० अंशांपर्यंत चार आठवडे चालते. वेष्टनावरील सूचना पाहावी. फ्रीज नसेल तर मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, तीत लहान मडके आणि मडक्यात कोरड्या डबीत बाटली, अशी सोय सावलीत, वाऱ्याला करावी. पाण्यासारखे स्वच्छ इन्शुलिन गढूळ झाले तर टाकून द्यावे. काही प्रकार मुळातच दुधी असतात. त्यांत गुठळ्या दिसतात का ते पाहावे. मात्र दिसायला ठीक असलेल्या औषधाचाही जोर गेलेला असू शकतो.

त्या शेतकऱ्याला नवी बाटली देताना मी डोस पुन्हा पहिल्याइतका केला. वाढवलेला डोस ताज्या औषधातून गेला असता, तर साखर एकदम उतरून ते शेतातच कोसळले असते.